पेटीत गेलेलं प्रस्थान

ठाण्यात मला सगळे ‘पेटीवाले’ म्हणतात, आणि त्यामुळे दर गणपतीत माझ्याकडे एक तरी गृहस्थ हमखास येतो. “आमच्याकडे शनिवारी भजन आहे, साथीला याल का?” सुरुवातीला मी खुलासा करत असे. आताशा गंभीर चेहरा करून विचारतो, “केवढी पेटी हवी? तीन फुटी की चार फुटी? आतून पत्रा मारायचा का?”

“पत्रा? पत्रा कशाला?”

“नाहीतर समुद्राच्या हवेने आतलं सगळं बुरसटतं हो.”

गृहस्थ चपला पायात सरकवून दुसरा पेटीवाला शोधायला जातो. मंडळी, धंद्यात एवढी करमणूक नसेल तर माणसाने धंदा करावाच कशाला?

तर माझा धंदा असा की माणूस विमानाने जातो आणि त्याचं सामान मी त्याच्या आधी आगबोटीने पाठवतो. इंग्रज गेला आणि आपल्याकडची माणसं भराभर परदेशी जायला लागली. कोणी शिकायला, कोणी नोकरीला, कोणी मुलाकडे. ज्याला घाई तो विमानाने जातो. पण विमान हे मोठं मानी वाहन आहे. ते माणशी चव्वेचाळीस पौंड सामान घेतं, त्यापुढे प्रत्येक पौंडाला असे पैसे मागतं की सामान इथेच ठेवून माणसाने तिकडे नवा संसार थाटलेला परवडावा. आणि चव्वेचाळीस पौंड म्हणजे काय? आपल्याकडे खडवलीला लग्नासाठी दोन दिवस जायचं, तरी बायकामाणसांचं बोचकं याहून जड भरतं!

म्हणून माझं दुकान. तलावाच्या अंगाला दोन गाळे आहेत. पुढच्यात मी, एक टेबल आणि गणपतीची तसबीर. मागच्यात देवदारी फळ्या, भाताचा पेंढा, गोणपाट, सुतळी, काळ्या रोगणाचा डबा आणि धर्मा पाटील. धर्मा कळव्याचा. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात, हा मात्र सुतारकीत रमला. पेटी कशी भरायची हे त्याच्याकडून ऐकावं. तळाला जड, मधे मऊ, वर रोजचं. फुटणारी वस्तू कपड्यात, कपडा पेंढ्यात. आतून पत्र्याचं अस्तर, त्याच्या सांध्यांना सगळीकडून कथलाचा डाख, वर झाकण, खिळे, लोखंडी पट्टी आणि शेवटी गोणपाटाचा अंगरखा. “शेट,” तो म्हणतो, “बोट बुडंल, पन माजी पेटी नाय बुडाची.” मी त्याला सांगतो, असं गिऱ्हाइकासमोर म्हणत जाऊ नकोस. पण त्याला त्यात आपला गौरवच वाटतो.

गिऱ्हाइकं तर काय विचारू नका. कल्याणच्या एका सासूबाईंनी लंडनला सुनेसाठी पाटा-वरवंटा पाठवायला आणला. पाटा म्हणजे असा की हातगाडीवाल्याने दुकानात टाकला तेव्हा शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं. मी हात जोडून म्हटलं, “बाई, लंडनला दगड मिळत नाहीत का?”

“मिळत असतील. टाकी घातलेले मिळतात का?”

लंडनच्या कुठल्या गल्लीत ‘टाकीऽऽ’ म्हणून ओरडत, गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीने खडबडीत करून देणारी टाकीवाली फिरते? पाटा गेला. दीड-दोन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, तेव्हा मी घाबरून उभाच राहिलो. म्हणाल्या, “सुनेचं पत्र आलं. चटणी झाली. खालच्या मजल्यावरची मड्डम वर आली होती, भिंत पडतेय का बघायला.”

दुसरे कोपरचे एक निवृत्त हेडमास्तर. मुलाला एडनला पेटी पाठवायची होती. झाकण ठोकलं की दुसऱ्या दिवशी दारात हजर. “अजून एकच.” एकदा लोणच्याची बरणी, एकदा मुलाचा लहानपणचा भोवरा, एकदा नुसतं आवळकाठीचं पुडकं. प्रत्येक वेळी धर्मा खिळे उपटायचा, पुन्हा ठोकायचा. शेवटी त्या झाकणाची चाळण झाली आणि नवं करावं लागलं. धर्मा मला म्हणाला, “शेट, मास्तरांनाच आत बसवूया काय? सगला एकदमच जाईल.” मास्तरांनी ते ऐकलं. मला वाटलं आता रागावतील. ते पेटीकडे टक लावून म्हणाले, “मावेन का रे?”

धंद्याची खंत म्हणाल तर एकच. भरलेली पेटी मी शेकड्यांनी पाहिली, पण पोचल्यावर उघडताना एकही पाहिली नाही. पहिला खिळा निघतो, पेंढ्याचा वास येतो, त्या वेळी तिकडच्या घरात काय होत असेल, कोण हसत असेल, कोण काय हुंगत असेल? नाटकाचा पडदा मी ओढायचा आणि नाटक सुरू व्हायच्या आत मलाच थेटराबाहेर काढायचं, असला हा प्रकार.

एकदा मात्र दुकानातून रवाना झालेली पेटी माझ्या डोळ्यांदेखत उघडली गेली. ती उघडावी म्हणून मी कोणाकोणाच्या पाया पडलो, तेच आज सांगायला बसलोय.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवलीचे अण्णा कर्णिक दुकानात आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, काळा कोट, काळी टोपी, बोलणं मोजकं. बरोबर मुलगी मालती आणि थोरली बहीण. मालतीची आई ती लहान असतानाच गेली होती. वाढवलं ते या आत्याबाईंनी. मुलगी शिक्षिका, चष्मा लावणारी, शांत. नैरोबीच्या मुलींच्या शाळेत तिला नोकरी मिळाली होती. ती तिने अर्ज करून, एकटीने मिळवली होती, आणि अण्णांना सगळं ठरल्यावर सांगितलं होतं.

सामानाचं बोलणं झालं. दोन पेट्या. मालती आणि आत्याबाई धर्माला मापं सांगायला मागे गेल्या, तसे अण्णा माझ्याकडे वाकले.

“एक विचारू? पाठवलेली पेटी परत मागवता येते का?”

“परत?”

“म्हणजे समजा, जाणारं माणूस गेलंच नाही.”

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “अण्णासाहेब, तिला जाऊ द्यायचं नाही का?”

“तसं नाही,” ते म्हणाले. “तसं मी कुठे म्हटलं?”

खरोखरच ते कधीच नाही म्हणाले नाहीत. ते फक्त हो म्हणत नव्हते. पेटी वास्तविक महिनाभर आधी निघायला हवी. यांचं आज-उद्या, आज-उद्या इतकं चाललं की पेट्या आणि मुलगी एकाच आठवड्यात निघायची वेळ आली. शाळेची तार आली होती. शाळा सोमवारी उघडणार, तोवर बाई हजर नसतील तर जागा दुसरीला देऊ. विमान शनिवारचं. त्यानंतरचं विमान धरलं तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मालती डोंबिवलीतच राहणार हे तिला, अण्णांना आणि मलाही स्पष्ट दिसत होतं.

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी आत्याबाई एकट्याच दुकानात आल्या. हातात लाल खणाचं लहानसं गाठोडं.

“अहो पेटीवाले, आफ्रिका कुठल्या दिशेला येते?”

“पश्चिमेला. थोडी खाली.”

“आणि डोंबिवलीहून ठाणं?”

“तेही पश्चिमेलाच म्हणायचं.”

“झालं तर मग. शनिवारी अमावस्या आहे. अण्णा म्हणतो, मुलगी अमावस्येला घराबाहेर पडायची नाही. आज दिवस चांगला आहे. हे प्रस्थान तुमच्याकडे ठेवते.”

हल्लीच्या मंडळींना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, मूठभर तांदूळ आणि सुपारीसकट, जायच्या वाटेवरच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालंच. मग पुढे वाटेल त्या दिवशी त्या माणसाने यावं, आपलं प्रस्थान उचलावं आणि तिथूनच पुढे चालू लागावं. एकदा उचललं की मागे घरी फिरायचं नाही. मला ऐकूनच गुदगुल्या झाल्या. सामान पुढे पाठवायचा धंदा मी नवा काढला या तोऱ्यात मी होतो, आणि आमच्या पणज्या तो फुकटात करत आल्या होत्या!

आत्याबाईंनी गाठोडं गणपतीच्या तसबिरीखाली ठेवलं. “शनिवारी पोरगी येईल, उचलेल आणि परस्पर विमानावर जाईल. तोवर कोणी हात लावायचा नाही.”

“अजिबात नाही,” मी छातीवर हात ठेवून म्हटलं, आणि लगेच दोन दिवसांच्या कामासाठी कल्याणला निघून गेलो. धर्मा त्या वेळी जेवायला गेला होता. त्याला सांगायचं राहून गेलं.

गुरुवारी सकाळी कर्णिकांच्या पेट्या लॉरीने गोदीत गेल्या. शुक्रवारी मी दुकान उघडून उदबत्ती लावतोय, तर तिघं कर्णिक दारात. अण्णांची टोपी वाकडी झालेली. मालतीचा चेहरा पांढराफटक.

“पासपोर्ट गेला!” अण्णा म्हणाले. “माझ्या कपाटातून गेला. कुलूप जिथल्या तिथे, पासपोर्ट नाही. घरभर शोधलं. अक्का म्हणते पेटीवाल्यांकडे चला, तिथे सांगते. आता सांग, अक्का.”

“गेला कुठे नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “प्रस्थानात ठेवलाय मी. जायच्या माणसाची जायची वस्तू. पेटीवाले, द्या ते गाठोडं.”

मी वळलो. गणपती होता. गाठोडं नव्हतं.

मी हाक मारली, “धर्माऽऽ! इथलं लाल गाठोडं कुठाय?”

धर्मा फळी तासत मागून बाहेर आला. चेहऱ्यावर शाबासकी घ्यायची तयारी. “ता व्हय? ता मी पेटीन भरला. कर्निकांचा सामान ना? जेवाला जाताना आत्याबाईंच्या हातान बघितलेला. तुमी त बाहेरच इसरलेले! डाख माराच्या आदी बघितला म्हनून, नायतर राहिलाच होता मागं.”

गिऱ्हाइकाची वस्तू दुकानात मागे राहणं याहून मोठी नाचक्की धर्माला माहीत नाही. मीच त्याला हे वर्षानुवर्षं शिकवलेलं. आत्याबाई मटकन स्टुलावर बसल्या. मालतीने फक्त एवढंच विचारलं, “बोट कधी आहे?”

“पेट्या आज संध्याकाळी चढतील,” मी म्हटलं.

अण्णांनी टोपी सरळ केली, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्या माणसाचे खांदे जरा सैल झाले.

शेजारच्या वखारीची लॉरी मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. आत्याबाई ड्रायव्हरशेजारी, बाकी आम्ही मागे लाकडाच्या ढलप्यांवर. धर्मा छिन्नी-हातोडा पोटाशी धरून बसला होता. वाटेत तो मालतीला म्हणाला, “ताई, पेटी माजीच हाय. मीच खोलीन. एक खिला वाकडा नाय करनार.”

“खिळा वाकडा झाला तरी चालेल हो,” मालती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही.

गोदीत आमच्या दोन्ही पेट्या सापडल्या, सरकारी शिक्का बसलेल्या, रांगेत चढायला उभ्या. त्यांच्यापुढे एक कस्टमचे अधिकारी. पांढरा गणवेश, बारीक मिशी. मी नाटकात असतो तर काय बोललो असतो ते सगळं बोललो. हात जोडले, आवाज कापवला, एका मुलीचं आयुष्य या फळ्यांखाली गाडलं गेलंय म्हणालो.

“अहो, पण शिक्का मारलेली पेटी उघडता येत नाही,” अधिकारी म्हणाले. “त्यात आहे काय?”

“पासपोर्ट.”

“पेटीला पासपोर्ट लागत नाही.”

“पेटीचा नाही हो, हिचा!”

“हिचा पासपोर्ट पेटीत कसा गेला?”

इथे मी थबकलो. सरकारी माणसाला प्रस्थान कसं समजवायचं? पण आत्याबाई पुढे झाल्या. “तुम्ही कुठले हो? आडनाव काय?”

“मी चिपळूणचा.”

“मग आई आहे ना घरी? प्रस्थान ठेवलं होतं. ते या शहाण्यांनी पेटीत भरलं.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, धर्माकडे पाहिलं, आणि मिशीखाली काहीतरी हललं. “बोर्डाच्या परीक्षेला निघालो तेव्हा माझी टोपी शेजाऱ्यांकडे ठेवली होती आईने,” ते म्हणाले. “शेजारी ती घालून गावाला गेले.” मग शिपायाला म्हणाले, “माझ्या समोर उघडा. आणि पुन्हा शिक्का मारायचाय, लवकर.”

धर्माने पट्टी कापली, खिळे काढले, पत्रा सोडवला. पेंढ्याचा आणि मेतकुटाचा वास गोदीभर पसरला. सगळ्यांत वर लाल गाठोडं. अधिकाऱ्यांनी गाठ सोडली. पासपोर्ट, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ.

“तांदूळ बाहेर न्यायला परवाना लागतो,” ते गंभीरपणे म्हणाले.

“अक्षता आहेत त्या!” आत्याबाई कडाडल्या. “मोजून घ्या हवं तर!”

अधिकारी खो खो हसले आणि त्यांनी गाठोडं मालतीच्या हातात दिलं. धर्मा पुन्हा खिळे ठोकायला लागला. मी आता ‘सुटलो बुवा’ म्हणून घाम पुसतोय, तोच अण्णा हलक्या आवाजात बोलले.

“मालू, ही काही चांगली लक्षणं नाहीत. सकाळपासून बघतेयस ना, एकामागून एक विघ्न. आज घरी चल. शाळेला तार करू. पुढच्या वर्षी बघू.”

मालती गाठोडं छातीशी धरून उभी राहिली. वडिलांच्या पुढे ती कधी बोललेली नव्हती, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

“घरी?” आत्याबाई म्हणाल्या. “घरी कशी येणार ती? प्रस्थान उचललं तिने. आता मागे फिरायचं नाही.”

“अक्का, हे काय शास्त्र आता...”

“शास्त्र नको? अमावस्येला जाऊ नको म्हणताना शास्त्र होतं, विघ्नं मोजताना शास्त्र होतं. आता मी म्हटलं की नको?”

“तू कपाटातनं पासपोर्ट काढलासच का? किल्ली तर माझ्या जानव्याला असते!”

“आंघोळीला बसतोस तेव्हा खुंटीला असते. का काढला विचारतोस? शनिवारी सकाळी तुला ती किल्ली सापडली नसती म्हणून काढला. मी तुझी बहीण आहे रे. लहानपणी शाळेत जायचं नसलं की तू स्वतःची पाटी स्वतःच लपवायचास.”

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं. धर्माने ठोकणं थांबवलं होतं.

“मी दिला असता गं,” अण्णा म्हणाले.

“कधी? विमान गेल्यावर?”

अण्णा गोदीच्या फाटकाकडे चालू लागले.

मालती त्या दिवशी आमच्या घरी ठाण्याला राहिली. आमच्या हिने तिला ताटावर बसवून जेवू घातलं. शनिवारी आत्याबाईंनी डोंबिवलीहून तिची बॅग आणली, तिला ओवाळलं आणि आम्ही सांताक्रूझच्या विमानतळाकडे निघालो. धर्माही आला, घडीचा सदरा घालून. अण्णांचा पत्ता नव्हता. मालती प्रत्येक मोटार थांबली की तिकडे बघायची.

तिची बॅग काट्यावर ठेवली. एक्केचाळीस पौंड. माझा जीव कळवळला. तीन पौंड फुकट! मी म्हटलं, “ताई, तीन पौंड शिल्लक आहेत. काही घ्यायचं राहिलंय का?”

“राहिलंय,” मागून आवाज आला.

अण्णा. डोंबिवलीहून कसे, कोणत्या गाडीने आले कोण जाणे. हातात काहीच नव्हतं. त्यांनी खिसे चाचपले, इकडेतिकडे पाहिलं आणि मग अंगातला काळा कोट काढून तिच्यापुढे धरला. आत नुसती बंडी होती. कचेरीत तीस वर्षं कोटाशिवाय कोणाला न दिसलेला तो माणूस, साहेबमेमसाहेबांच्या त्या गर्दीत बंडीवर उभा राहिला.

“अण्णा, मी काय करू तुमच्या कोटाचं?”

“नैरोबी उंचावर आहे. गारठा असतो तिथे, मी वाचलंय.” त्यांनी कोटाची कॉलर झटकली. “आणि वर्गात तुझ्या खुर्चीला अडकवून ठेव. मुलींना वाटेल, मोठे मास्तर इथेच कुठेतरी गेलेत. दंगा करायच्या नाहीत.”

“तुम्ही केव्हा वाचलंत नैरोबीचं?”

“तुझा अर्ज गेला त्याच आठवड्यात,” अण्णा म्हणाले. “पाकिटावरचा पत्ता दिसला होता.”

कोट काट्यावर ठेवला तर काटा चव्वेचाळीसच्याही थोडा पुढे सरकला. काट्यावरचा माणूस मान हलवायला लागला. तेव्हा मालतीने कोट उचलला आणि साडीवर अंगात घातला. अंगावरच्या कपड्यांचं वजन कोण करतो?

ती विमानाकडे चालत गेली. शिडीवर पोचल्यावर वळली आणि तिने हात वर केला. पण कोटाच्या बाह्या तिच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, त्यामुळे हात काही दिसला नाही, नुसती काळी बाही हलत राहिली. कठड्याला टेकलेले अण्णा आपल्याच कोटाच्या त्या बाहीला बंडीतला उघडा हात हलवत होते. विमान वळून लांब गेलं तरी त्यांचा हात खाली आला नाही. शेवटी आत्याबाईंनीच तो धरून खाली घेतला.